फ्यूज ते ब्रेकर: वंगणाचा विसरलेला इतिहास

१/
पुणे-अहिल्यानगर महामार्गावर, शिरूर तालुक्यात, कारेगाव आहे. एका अंगाला रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला ऊस आणि कांद्याची शेते. वैशाखातल्या एखाद्या संध्याकाळी वळीव येतो, वारा सुटतो आणि दिवे एकदम जातात. ‘लाईट गेली’ एवढेच आपण म्हणतो. आजचा धागा त्या क्षणाविषयी आहे. दिवे गेले तेव्हा उपकेंद्रात नेमके काय हलले? आणि ते वेळेवर हलावे म्हणून आधी कोणी काय करून ठेवले होते?

२/
समजा, वाऱ्याने फांदी मोडून ११ केव्हीच्या तारांवर पडली. तारांतून नेहमीच्या कित्येक पट प्रवाह धावू लागतो. उपकेंद्रातला रिले हे ओळखतो आणि हुकूम देतो. रिले स्वतः मात्र काहीच तोडत नाही. तोडण्याचे काम सर्किट ब्रेकरचे. तो ते काम आधीपासून ताणून ठेवलेल्या एका स्प्रिंगच्या जोरावर करतो. हुकूम विजेचा असतो, अंमलबजावणी पोलादाची.

३/
विजेचा इतिहास आपण बहुधा धरणांचा, जनित्रांचा, एडिसन-टेस्लांचा म्हणून वाचतो. वीज ‘आणणाऱ्यांचा’ तो इतिहास असतो. वीज ‘थांबवणाऱ्या’ यंत्राचा इतिहास त्यात क्वचितच येतो, आणि त्या यंत्राच्या सांध्यांत घातल्या जाणाऱ्या वंगणाचा तर कधीच नाही. तरीही गेल्या शंभर वर्षांत या वंगणावर गिरण्या, गावे आणि एकदा तर एक अणुभट्टी अवलंबून राहिली. ती कथा क्रमाने पाहू.

४/
साल १८८२. ४ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लावण्याचा प्रयोग झाला. प्रवाह बेसुमार वाढला तर आपोआप तुटणारी योजना हवी, हे एडिसनला आधीच सुचले होते. १८७९ च्या त्याच्या एका पेटंटात ब्रेकरसारख्या यंत्राचे वर्णन आहे. व्यवहारात मात्र त्याने सोपा मार्ग निवडला: लवकर वितळणारी तार, म्हणजे फ्यूज.

५/
फ्यूज तुमच्या आजोबांच्या घरातही होता. चिनीमातीचा पांढरा ‘किटकॅट’, त्यात गुंडाळलेली बारीक तार. फ्यूज उडाला की मेणबत्तीच्या उजेडात नवी तार बसवायची. या साधनाचा मोठा गुण असा की त्यात हलणारा एकही भाग नाही. त्याला स्प्रिंग नाही, सांधा नाही, वंगण नाही. दहा वर्षे कोणी ढुंकून पाहिले नाही तरी प्रवाह वाढताच तो वितळणारच. दोष एवढाच की तो एकदाच कामाला येतो.

६/
घरात हा दोष चालून गेला. मोठ्या वीजव्यवस्थेत तो चालणारा नव्हता. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी झाली. सह्याद्रीवर पडणारा पाऊस वळवण आणि शिरवत्याच्या तलावांत साठवायचा, घाट उतरवून खोपोलीच्या चक्रांवर सोडायचा आणि त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालवायच्या, अशी ती कल्पना. जमशेटजी टाटा १९०४ मध्येच निवर्तले होते. त्यांच्या पश्चात ही योजना १९१५ मध्ये प्रत्यक्षात आली.

७/
खोपोलीहून परळपर्यंत वीज आली ती १०० केव्हीच्या तारांवरून, सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून. मधे कोकणातला पावसाळा, विजांचा कडकडाट, झाडे, पक्षी. अशा मार्गावर दोष वारंवार होणार हे उघड होते. प्रत्येक दोषागणिक वितळलेली तार बदलत बसायचे तर गिरण्यांचे चाते थांबूनच राहिले असते. म्हणून हवे होते असे साधन, की जे प्रवाह तोडेल आणि दोष दूर होताच पुन्हा जोडेल. एकदा नव्हे, शेकडो वेळा.

८/
असे साधन घडवण्याचे प्रयत्न अमेरिकेत सुरू झाले होते. १९०१ मध्ये जे. एन. केलमन यांनी ४० केव्हीच्या तारमार्गासाठी एक ब्रेकर बांधला. त्याचे रूप आज गमतीचे वाटेल: दोन उघडी लाकडी पिंपे, त्यांत पाणी, पाण्यावर तेलाचा थर, आत संपर्कांची मालिका आणि दोन्ही पिंपांना मिळून एकच दांडा. तो साधारण वर्षभर चालला. मग एकदा थोड्या थोड्या वेळाने अनेकदा उघडमीट झाली, तेल आजूबाजूच्या लाकडावर उडाले आणि आग लागली. १९०३ मध्ये त्याचे आयुष्य संपले.

९/
पिंपे गेली, तेल राहिले. पुढची अनेक दशके तेलाने भरलेल्या पोलादी टाकीतले ब्रेकर जगभर वापरात आले. संपर्क दूर होतात तेव्हा त्यांच्यामध्ये प्रचंड तापमानाची विद्युतज्वाला उभी राहते. कामगारांच्या भाषेत ‘आर्क’. ती तेलाचे विघटन करते, त्यातून हायड्रोजनसारखे वायू निघतात आणि तेच वायू ज्वालेला थंड करतात. म्हणजे ज्वालेला विझवणारे द्रव्य ज्वालाच तयार करते.

१०/
आता कथेचा गाभा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. तिचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. ज्वाला विझते ती अशाच एखाद्या शून्यक्षणी. त्या क्षणापर्यंत संपर्क पुरेसे दूर गेले असतील तर ती पुन्हा पेटत नाही. संपर्क रेंगाळले, तर पेटते. तेव्हा प्रवाह तुटणे हा विद्युतशास्त्राचा प्रश्न वाटला तरी तो आधी वेगाचा प्रश्न आहे. आणि वेग येतो स्प्रिंग, दांडे, रोलर आणि बेअरिंग यांच्यामधून.

११/
सुरुवातीच्या बऱ्याच ब्रेकरांत हा वेग माणसाच्या दंडात होता. ऑपरेटर लांब दांडा ओढून ब्रेकर बंद करी, म्हणजे मार्ग जोडून देई. तारेवर दोष तसाच राहिलेला असेल आणि ऑपरेटरचा हात मधेच कचरला, तर अर्धवट जोडलेल्या संपर्कांमध्ये ज्वाला भडकून टाकी फुटण्याचा धोका. त्यावर उपाय म्हणून शक्ती आधीच साठवून ठेवणारी यंत्रणा आली. माणसाने किंवा मोटरने स्प्रिंग सावकाश ताणायची. सोडली की ती आपल्याच वेगाने काम करणार. माणसाची भीती त्या निर्णायक क्षणातून बाजूला काढली गेली.

१२/
या यंत्रणेतली एक युक्ती समजून घेण्यासारखी आहे. तिच्यात दोन स्प्रिंगा असतात: जोडणारी आणि तोडणारी. जोडणारी स्प्रिंग सुटते तेव्हा ती संपर्क जोडतेच, शिवाय जाता जाता तोडणाऱ्या स्प्रिंगलाही ताणून ठेवते. याचा अर्थ असा की ब्रेकर ज्या क्षणी मार्ग जोडतो, त्या क्षणापासून तो मार्ग तोडण्याची ताकद त्याच्या पोटात तयार असते. नंतर मोटरचा पुरवठा गेला तरी ही ताकद जात नाही.

१३/
ही ताकद रोखून धरते एक छोटी खीळ: लॅच. शेकडो किलोंचा जोर मधल्या तरफांमुळे कमी कमी होत लॅचपाशी इतका थोडा उरतो की एक लहानसे विद्युतचुंबकीय कॉइल तिला ढकलू शकते. उपकेंद्रातल्या बॅटरीवर चालणारे हे कॉइल खटकन पुढे येते, लॅच निसटते, स्प्रिंग मोकळी होते. हुकूम मिळाल्यापासून संपर्क सुटेपर्यंतचा काळ सामान्यतः सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

१४/
मोठ्या शक्तीला छोट्या खिळीने रोखायचे, ही रचना कार्यक्षम आहे, पण नाजूकही आहे. कॉइलचा जोर मुळातच बेताचा. लॅचच्या पिनेवरचे वंगण घट्ट झाले तर तेवढा जोर पुरत नाही. ग्रीस म्हणजे साबणासारख्या द्रव्यात धरून ठेवलेले तेल. वर्षे गेली की तेल वेगळे होऊन ओघळते किंवा उडून जाते, हवेने त्याचे ऑक्सिडीकरण होते, धूळ बसते, आणि मागे उरतो मेणासारखा, पुढे पुढे तर लाखेसारखा थर. जे वंगण भाग सरकावे म्हणून घातले होते, तेच त्यांना चिकटवून ठेवते.

१५/
वंगण सुकले म्हणून काय होते, याचे बरेच पुरावे असलेले उदाहरण अमेरिकेत घडले. न्यू जर्सीत डेलावेअर नदीकाठी सालेम अणुवीजकेंद्र आहे. २५ फेब्रुवारी १९८३ च्या पहाटे, मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात, तेथील पहिली अणुभट्टी सुरू करण्याचे काम चालू होते. वाफ-जनित्रातील पाण्याची पातळी फार खाली गेली. संरक्षण यंत्रणेने भट्टी बंद करण्याचा आपोआप हुकूम दिला. तो हुकूम पाळण्यासाठी एकापाठोपाठ एक असे दोन ब्रेकर होते. एक अडला तरी दुसरा उघडावा म्हणून. दोन्ही उघडले नाहीत.

१६/
नियंत्रणकक्षातल्या ऑपरेटरने सुमारे अर्ध्या मिनिटात हाताने बंदचा हुकूम दिला आणि भट्टी थांबली. भट्टी त्या वेळी पूर्ण शक्तीच्या जेमतेम १२ टक्क्यांवर होती. इजा कोणालाच झाली नाही. पण नोंदी तपासल्या तेव्हा धक्का बसला. तीन दिवसांपूर्वी, २२ फेब्रुवारीलाही, आपोआप मिळालेल्या हुकमाला ब्रेकरांनी असाच दाद दिला नव्हता. त्या वेळीही माणसानेच भट्टी थांबवली होती, आणि यंत्र चुकले हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

१७/
दोष कुठे सापडला? संगणकात नव्हे, तारांत नव्हे. दाब जाताच सुटून लॅचला धक्का देणारा जो छोटा यांत्रिक भाग होता, तो अडकला होता. वंगणाची हेळसांड, झीज, साचलेला मळ आणि नीट न झालेली देखभाल ही कारणे चौकशीत पुढे आली. त्या भागाची सफाई आणि वंगण यांविषयी निर्मात्याच्या सूचना कित्येक वर्षांपूर्वीच निघाल्या होत्या. केंद्राच्या देखभालीत त्या उतरल्या नव्हत्या. हाताने दिलेला हुकूम चालला, कारण तो आणखी एका वेगळ्या कॉइलमार्फतही पोहोचत होता.

१८/
या घटनेनंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने देशभरच्या केंद्रांना ब्रेकरांची देखभाल, चाचणी आणि निर्मात्यांच्या सूचनांचा पाठपुरावा यांविषयी नवे आदेश दिले. आपोआप येणारा हुकूम दुसऱ्या कॉइललाही मिळावा, अशी सुधारणा झाली. अणुयुगातल्या एका महागड्या व्यवस्थेला शेवटी आठवण करून द्यावी लागली ती चमचाभर वंगणाची. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचारावे: सूचना लिहिलेल्या होत्या, मग त्या हरवल्या कुठे?

१९/
उत्तराचा एक भाग तंत्रज्ञानाच्या प्रगतीतच दडलेला आहे. जुना तेलाचा ब्रेकर त्रासदायक होता. प्रत्येक मोठ्या दोषानंतर तेल काजळून काळे होई, त्याची चाचणी घ्यावी लागे, बदलावे लागे, भाजलेले संपर्क घासावे लागत. कटकट होती, पण तिच्यामुळे माणूस ठराविक काळाने टाकी उघडून बसे. टाकी उघडली की सांध्यांकडेही नजर जाई, हाताशी असलेले वंगण तेथेही लागे.

२०/
मग निर्वात ब्रेकर आला. १९२६ मध्येच कॅलिफोर्नियात सोरेन्सन आणि मेंडेनहॉल यांनी निर्वात पोकळीत प्रवाह तोडून दाखवला होता. पण पोकळी वर्षानुवर्षे टिकवण्याची विद्या साधायला आणखी काही दशके लागली. दुसरीकडे एसएफ६ वायूचे ब्रेकर आले. भारतात १९८० च्या दशकापासून तेलाची जागा हळूहळू या दोघांनी घेतली. निर्वात नळी कायमची बंद. ती उघडायची गरजच नाही. ११ केव्हीच्या नळीत संपर्क दूर जातात ते साधारण एक सेंटिमीटर. ‘देखभालमुक्त’ हा शब्द येथून रूढ झाला.

२१/
नळी खरोखरच जवळजवळ देखभालमुक्त होती. तिला हलवणारी यंत्रणा मात्र तशीच राहिली: स्प्रिंग, लॅच, रोलर, ग्रीस. ‘सिग्रे’ या १९२१ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने उच्चदाबाच्या हजारो ब्रेकरांची पाहणी एकाहून अधिक वेळा केली. मोठ्या बिघाडांचा सर्वांत मोठा वाटा चालक यंत्रणेचा असतो, हे त्या पाहण्यांत दिसून आले. विद्युत भाग सुधारत गेला, तसा यांत्रिक भाग दुबळा दुवा म्हणून उघडा पडत गेला.

२२/
आता महाराष्ट्रात परतू. राज्याच्या स्थापनेनंतर लगेच, २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळ. एकाने गावोगाव तारा नेल्या, दुसऱ्याने माळरानांवर वसाहती वसवल्या. शिरूरच्या या माळावर दोन्ही धागे एकत्र आले. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या. त्याच सुमारास राज्याने भारनियमनाची अवघड वर्षे पाहिली आणि गावठाणाचे व शेतीचे फीडर वेगळे करण्याची योजना राबवली गेली.

२३/
या धोरणाचा परिणाम ब्रेकरच्या पोटावर झाला, आणि तो नोंदवण्याजोगा आहे. शेतीचा फीडर पाळीने सुरू-बंद करायचा, तर त्याचा ब्रेकर रोज हलणार. दिवसातून दोनदा उघडमीट धरली, तर वर्षाला ७३० वेळा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार साध्या वर्गाच्या ब्रेकरची यांत्रिक क्षमता २,००० उघडमिटींची, वरच्या वर्गाची १०,००० ची. पहिला तीन वर्षांच्या आत मर्यादा गाठतो, दुसरा चौदाव्या वर्षी. दोष-प्रवाह तोडण्याची वेळ एकदाही आली नाही, तरी त्याच्या पिना आणि रोलर झिजत जातात.

२४/
त्याच उपकेंद्रात रोहित्राचा मुख्य ब्रेकर उभा असतो. तो वर्षात फारच थोड्या वेळा हलतो. त्याचा आजार उलटा: स्थिर राहिल्याने वंगण बसते, पावसाळ्यात गंज धरतो, उन्हाळ्यात धूळ बसते. बाहेरून दोन्ही ब्रेकर सारखेच दिसतात. एकाच रंगाच्या पेट्या, लाल-हिरवे दिवे. एकाला झिजेपासून वाचवायचे, दुसऱ्याला निष्क्रियतेपासून. दोघांना एकच तारीख आणि एकच तक्ता लावणे म्हणजे दोघांचाही इतिहास न वाचणे.

२५/
ब्रेकर अडला तर पुढे काय? त्याच्या मागचा, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूचा ब्रेकर थोड्या वेळाने उघडतो, आणि एका फीडरऐवजी अख्खा परिसर अंधारात जातो. ही त्यातल्या त्यात बरी शक्यता. ‘थोडा वेळ’ म्हणजे सेकंदाचा एखादा भाग असला, तरी तेवढ्यात तारा वितळू शकतात, रोहित्राच्या गुंडाळ्या वेड्यावाकड्या होऊ शकतात. आणि ओल्या बांधावर तार पडलेली असेल, शेतकरी बारे द्यायला निघालेला असेल, तर त्या क्षणभराची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

२६/
म्हणून देखभालीचा दिवस कसा असतो ते पाहू. एक जुनी शहाणी पद्धत अशी की काहीही साफ करण्यापूर्वी ब्रेकर एकदा उघडून त्याचा वेळ मोजायचा. कारण पहिल्याच हालचालीत चिकटलेले वंगण सुटते. दुसऱ्या वेळी मोजले तर ब्रेकर निरोगी दिसतो. खऱ्या दोषाच्या वेळी मात्र त्याला सरावाची संधी मिळत नाही. त्याला पहिल्याच झटक्यात सुटायचे असते. आजार दिसतो तो पहिल्या मोजणीत.

२७/
त्यानंतर परमिट, पुरवठा तोडणे, तपासणे, अर्थिंग. यंत्रणेला हात लावण्यापूर्वी मोटरचा पुरवठा काढून दोन्ही स्प्रिंगा मोकळ्या करायच्या; त्यासाठी ब्रेकर उघडून, मिटून, पुन्हा उघडतात. हे विसरले तर वीज नसलेल्या ब्रेकरनेही बोटे चिरडतात. मग जुने ग्रीस पूर्ण पुसून काढायचे. जुन्यावर नवे थापणे ही सर्रास होणारी चूक; भिन्न जातीची ग्रीसे एकमेकांत मिसळून घट्ट होतात किंवा पातळ होऊन वाहून जातात. निर्मात्याने सांगितलेलेच ग्रीस, सांगितलेल्याच जागी, बेताने.

२८/
पुढे नजरेची कामे: स्प्लिट पिना आणि सर्क्लिप जागेवर आहेत का, नट सैल झालेत का, स्प्रिंगवर गंजाचा डाग आहे का, शेवटचा धक्का शोषणाऱ्या डॅशपॉटमधून तेल झिरपते का, लॅचची पकड ठरलेल्या मापाची आहे का. मग पुन्हा वेळ मोजायचा, तिन्ही फेज एकाच वेळी सुटतात का पाहायचे, आणि हे आकडे ब्रेकर बसवला त्या दिवशीच्या आकड्यांशी ताडून पाहायचे. एकटा आकडा मुका असतो. वीस वर्षांची वही शेजारी असेल तर तो बोलतो. ही वहीसुद्धा इतिहासाचे साधनच आहे.

२९/
ही शिस्त आपल्याला परकी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे १७१५ सालच्या ग्रंथात, गडावरच्या दारूखान्याविषयी सूचना आहेत. ठराविक दिवसांनी हवालदाराने यावे, दारू आणि बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहरबंद करून ठेवावे, असा त्यांचा आशय. गडाला वेढा पडलेला नसताना हे करायचे आहे. सादळलेली दारू कोठारात कोणाला दिसत नाही. ती कळते तोफेला बत्ती दिल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

३०/
अमात्यांना ठाऊक असलेली अडचण आजच्या अभियंत्यालाही छळते. देखभाल यशस्वी झाली तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या घटनेची बखर कोणी लिहीत नाही. खर्चकपातीची वेळ आली की प्रथम कात्री लागते ती याच कामाला. पहिली काही वर्षे त्याचा परिणामही दिसत नाही. सालेममध्ये हेच झाले. फ्यूजकडून ब्रेकरकडे जाताना समाजाने पुन्हा पुन्हा वापरता येणारे रक्षण मिळवले, आणि त्याच सौद्यात नियमित निगेचे कर्ज डोक्यावर घेतले. हप्ता चुकवला तरी सावकार लगेच दारात येत नाही, एवढाच दिलासा.

३१/
हे कर्ज फेडणाऱ्यांची नावे शिलालेखांवर नसतात. आयटीआयच्या ‘वीजतंत्री’ आणि ‘तारतंत्री’ या अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेली मुले-मुली, उपकेंद्रातले ऑपरेटर, चाचणी विभागाचे तंत्रज्ञ, वसाहतीतल्या कारखान्यांच्या पॅनेलसमोर सुट्टीच्या दिवशी बसणारे देखभाल कामगार. कारखाना बंद असतो तेव्हाच त्यांचे काम सुरू होते. खोपोलीपासून कारेगावपर्यंतच्या शतकभराच्या वीज-इतिहासात त्यांचा अध्याय अजून लिहायचा आहे. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर त्यांच्या आठवणी आणि जुन्या लॉगबुका जपून ठेवा.

३२/
शेवटी तुमच्या स्वतःच्या भिंतीवरचा ब्रेकर. जर्मनीतील मॅनहाइमच्या ह्यूगो स्टॉट्झ यांच्या कंपनीने १९२४ मध्ये घरगुती छोटा ब्रेकर आणला. आजची एमसीबी त्याच कुळातली. तिच्या शेजारी आरसीसीबी असेल, तर तिच्यावर ‘टी’ अक्षराचे छोटे बटण असते. शॉक लागण्याच्या प्रसंगी पुरवठा तोडणारी हीच पेटी, आणि तिच्याही पोटात स्प्रिंग आणि लॅच आहे. निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीने ते बटण दाबायचे असते. ते आपण शेवटचे केव्हा दाबले, हे बहुतेकांना आठवणार नाही.

३३/
आज घरच्यांना सांगून, संगणक वगैरे नीट बंद करून, ते बटण एकदा दाबा. पेटी खटकन पडली तर पुन्हा वर करा आणि शेजारी तारीख लिहून ठेवा. पडली नाही तर परवानाधारक वीजतंत्र्याला बोलवा. आणि पुढच्या वळिवात कारेगावचे, किंवा तुमच्या गावचे, दिवे एकदम गेले, तर चिडण्यापूर्वी क्षणभर थांबा. बहुधा त्या वेळी उपकेंद्रात एक स्प्रिंग वेळेवर सुटलेली असते.